चेहऱ्याचा अचानक लकवा : निदान व उपचार

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळते, त्याच बाजूचा डोळा मिटत नाही आणि तोंड वाकडे झालेले दिसते. 'वारे गेले' असे म्हणून घरची मंडळी अर्धांगवायूच्या धास्तीने रुग्णाला घेऊन येतात. ही धास्ती अनाठायी नाही. तथापि पुष्कळदा हा विकार मेंदूचा नसून चेहऱ्याच्या मज्जातंतूचा असतो. स्कॉटिश शल्यवैद्य चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये या मज्जातंतूचा अभ्यास मांडला, म्हणून यास 'बेल्स पाल्सी' हे नाव पडले.

हा मज्जातंतू कानामागील हाडाच्या अरुंद बोगद्यातून चेहऱ्यावर येतो. तेथे सूज आली की तो दाबला जातो. सुजेमागे नागिणीच्या कुळातील विषाणू असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे. गार वाऱ्याला मात्र आपण उगाच दोष देतो.

निदानासाठी बहुधा महागडे यंत्र लागत नाही, हे आमच्या देणगीदारांना आवर्जून सांगावेसे वाटते. आम्ही रुग्णास भुवया वर उचलावयास सांगतो. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळते. त्यामुळे पक्षाघातात कपाळावर आठ्या पडतात, बेल्स पाल्सीत त्या बाजूस पडत नाहीत. अर्थात हा निर्णय घरी आरशापुढे करू नये. हातापायातील शक्ती, बोलणे व चालणे तपासावेच लागते. पक्षाघाताची शंका आल्यास स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तात्काळ न्यावे, कारण गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते. कानात फोड, कानातून पू, किंवा त्वचेवर बधिर चट्टा (कुष्ठरोगाची खूण) असल्यास उपचाराची दिशा बदलते.

बेल्स पाल्सीत प्रेडनिसोलोन हे स्वस्त औषध पहिल्या ७२ तासांत सुरू करणे महत्त्वाचे. स्कॉटलंडमधील ५५१ रुग्णांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नऊ महिन्यांनंतर हे औषध घेतलेले ९४.४ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले होते. न घेतलेल्यांत हे प्रमाण ८१.६ टक्के होते. म्हणजे औषधाविनाही बहुतेक बरे होतात. झाडपाला बांधणाऱ्यास किंवा मालिश करणाऱ्यास यश मिळते ते यामुळेच. पण त्या खटपटीत ते तीन दिवस निघून जातात आणि उरलेल्यांचा चेहरा कायमचा वाकडा राहू शकतो. मधुमेह्यांची साखर या औषधाने वाढते, म्हणून ती वारंवार तपासावी लागते. गर्भवतींनी सल्ल्याशिवाय कोणतेही औषध घेऊ नये.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो डोळा. पापणी मिटत नसल्याने बुबुळ कोरडे पडते. आळे परिसरात कांदा काढणीची धूळ किंवा मोटारसायकलवरील वारा उघड्या डोळ्यात गेल्यास बुबुळावर जखम होऊन दृष्टी जाण्याचा धोका संभवतो. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब व चष्मा वापरावा. रात्री मलम घालून पापणी हलकेच मिटवून चिकटपट्टी लावावी. पट्टी बुबुळास घासणार नाही, हे नातेवाइकांनी आमच्या परिचारिकांकडून शिकून घ्यावे. डोळा लाल झाल्यास किंवा दुखू लागल्यास त्याच दिवशी यावे. तीन महिन्यांतही चेहरा हलू लागला नाही, तर पुन्हा तपासणी करून घ्यावी. क्वचित मागे एखादी गाठ असते.