हवामान धोरणाची वाट कारखान्यातून जाते

अजय माथुर शिक्षणाने केमिकल इंजिनिअर. 2006 ते 2016 या काळात ते बीईईचे, म्हणजे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे महासंचालक होते. फ्रिजवर आणि एसीवर जे तारे आपण मोजतो, ती योजना 2006 साली सुरू झाली आणि त्यांच्या कारकिर्दीत घराघरांत पोहोचली. 2015 मध्ये पॅरिसला हवामान करार झाला, तेव्हा ते भारताच्या शिष्टमंडळाचे प्रवक्ते होते. पुढे 2021 मध्ये ते आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचे महासंचालक झाले. ‘मला हवामान बदलावर काम करायचंय’ असं मुलीने सांगितल्यावर ज्या आईबाबांच्या डोळ्यांसमोर फक्त मोर्चे आणि वृक्षारोपण येतं, त्यांनी हा क्रम नीट पाहावा. आधी यंत्रांचं शास्त्र, मग देशात नियम घडवण्याचं काम, आणि त्यानंतर जगाचं व्यासपीठ.

हे काम असतं तरी काय? साधा सीलिंग फॅन 70 ते 75 वॅट वीज खातो. बीएलडीसी मोटरचा फॅन जवळपास तेवढाच वारा सुमारे 30 वॅटमध्ये देतो. रोज दहा तास आणि वर्षाचे 300 दिवस धरले, तर एका पंख्यामागे 120 ते 135 युनिट वाचतात. हा हिशोब आठवीतलं मूलही करेल. धोरणाचं काम त्याच्या पुढे सुरू होतं. किमान मर्यादा किती ठेवायची? ती फार कडक केली तर छोटे उत्पादक अडचणीत येतात, पंखा महागतो आणि गरिबाच्या घरात जुनाच फिरत राहतो. फार सैल ठेवली तर लेबलला अर्थ उरत नाही. चाचणी कुठे करायची, बाजारातून नमुने कोणी उचलायचे, खोटं लेबल लावणाऱ्यावर काय कारवाई करायची? इथे मोटर समजणारा इंजिनिअर लागतो, घरखर्चाचे आकडे वाचणारी अर्थतज्ज्ञ लागते, मसुदा लिहिणारा वकील लागतो. आपल्याकडे पंख्यांचं स्टार लेबल अनेक वर्षं ऐच्छिक होतं; 1 जानेवारी 2023 पासून ते सक्तीचं झालं. या क्षेत्राबद्दल मला जी ओढ वाटते ती याच कारणाने. एक नियम नीट लिहिला गेला की लाखो घरांचं बिल उतरतं, आणि त्यासाठी त्या घरातल्या कुणाला तांत्रिक काही कळावं लागत नाही.

आंतरराष्ट्रीय वाटाघाटीही याच जातीच्या. ऑक्टोबर 2016 मध्ये रवांडातल्या किगालीत एसी-फ्रिजमधले हायड्रोफ्लुरोकार्बन वायू घटवण्याचा करार झाला. श्रीमंत देशांनी 2019 पासून कपात सुरू करायची, चीनसह बहुतेक विकसनशील देशांनी 2024 मध्ये वापर गोठवायचा, आणि भारताच्या गटाने 2028 मध्ये गोठवून 2047 पर्यंत 85 टक्के घट करायची, असं ठरलं. अशा एकेका सालामागे प्रश्न असतात: आपल्या कारखान्यांना दुसऱ्या वायूकडे वळायला किती वर्षं लागतील, खर्च किती येईल, तो कोण सोसेल? ज्याच्याकडे या प्रश्नांची स्वतः तपासलेली उत्तरं असतात, त्याचं म्हणणं बैठकीत टिकतं. नुसत्या छान इंग्रजीवर तिथे फार काळ निभत नाही.

पुण्याने याचा धडा फार पूर्वी घालून दिला आहे. आयआयटी मुंबईत शिकलेले गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा वीजखरेदी करार उलगडून, तो राज्याला किती महाग पडेल हे आकड्यांनिशी मांडलं. त्यांच्या ‘प्रयास’ संस्थेचा ऊर्जा गट वीजदरांपासून घरगुती उपकरणांपर्यंत अभ्यास करत आला आहे. संत 2012 मध्ये गेले. धोरणात शिरू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्यांच्या कामाची पद्धत अभ्यासावी असं मी आग्रहाने सांगेन.

आता पालकांच्या काळजीचं. सुरुवातीचा पगार चांगल्या सॉफ्टवेअर कंपनीइतका सहसा नसतो. धोरण संस्थांमधल्या अनेक नोकऱ्या दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पावर चालतात, आणि निधी परदेशी असेल तर तो आटूही शकतो. 2025 मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत संस्था बंद केली, त्याचा फटका जगभरच्या प्रकल्पांना बसला. त्यामुळे पदवी हातात पडताच कर्ज काढून परदेशी ‘क्लायमेट पॉलिसी’ला जाण्याच्या मी स्पष्ट विरोधात आहे. आधी दोन-तीन वर्षं इथे काम करा. कोल्हापूरच्या फाउंड्रीत, जालन्याच्या पोलाद कारखान्यात किंवा एखाद्या एनर्जी ऑडिट फर्ममध्ये. भट्टीतली उष्णता कुठून निसटते हे मीटर लावून शोधलेला माणूस पुढे कुठल्याही देशाच्या धोरणाचा कागद वेगळ्या नजरेने वाचतो. शिवाय हातात कसब राहतं. जास्त ऊर्जा वापरणाऱ्या, कायद्याने अधिसूचित उद्योगांना प्रमाणित एनर्जी मॅनेजर नेमावाच लागतो. युरोपीय संघ पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतांच्या आयातीवर कार्बनचा आकार लावतो आहे, त्यामुळे निर्यातदारांनाही हा हिशोब ठेवणारी माणसं हवीच आहेत.

बीईईच्या एनर्जी मॅनेजर आणि ऑडिटर परीक्षेला इंजिनिअरिंगच्या पदवीनंतर तीन वर्षांचा अनुभव लागतो, डिप्लोमानंतर सहा. मॅनेजरला तीन पेपर, ऑडिटरला चार. पदव्युत्तर शिक्षणासाठी आयआयटी मुंबईचे ऊर्जा आणि हवामान अभ्यासाचे विभाग आहेत, दिल्लीत टेरीचं विद्यापीठ आहे. अर्थशास्त्र किंवा कायद्याच्या विद्यार्थ्यांनी राज्य वीज नियामक आयोगाच्या जाहीर सुनावण्या ऐकाव्यात. वीजदराच्या प्रस्तावावर सामान्य ग्राहकालाही लेखी हरकत नोंदवता येते, आणि विशीतल्या मुलीने अभ्यासून लिहिलेली हरकत मुलाखतीत दाखवायला उत्तम.

परीक्षेची चारही मार्गदर्शक पुस्तकं बीईईच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असाल तर तिसऱ्या पुस्तकापासून सुरुवात करा. त्यात मोटर, पंप, पंखे, दिवे आहेत. वाचलेलं तपासायला कॉलेजचं पंपघर पुरेल.