कचेरीच्या कामास पडदा कसा निवडावा?

विद्यार्थिमित्रहो, शाळा सोडल्यावर तुमच्यापैकीं कित्येकांस संगणकापुढें बसून पोट भरावें लागेल. नामपुरांत कांद्याच्या अडतीचा हिशेब असो कीं सात-बाराचा उतारा असो, १ चा ९ वाचला गेला किंवा नांवांतील रफार दिसला नाहीं, तर नुकसान शेतकऱ्याचें होतें. म्हणून मॉनिटर, म्हणजे संगणकाचा पडदा, थोड्या पैशांत पण पारखून कसा घ्यावा, हें आम्ही येथें सांगतों. पालकांनींही तें वाचावें.

प्रथम आकार पाहावा. पडद्यावरील अक्षर बारीक बिंदूंचें बनतें. आडव्या ओळींत १९२० व उभ्या ओळींत १०८० बिंदू असलेला पडदा २४ इंची असेल, तर एका इंचांत सुमारें ९२ बिंदू येतात; तितकेच बिंदू २७ इंची पडद्यावर पसरले, तर इंचास ८२ च उरतात. तेव्हां मोठा पडदा तो अधिक स्पष्ट, हा समज खरा नव्हे. आपल्या लिपींत अनुस्वार व जोडाक्षरें फार. त्यांस दाट बिंदूच हवेत. २२ ते २४ इंच पुरेत.

दुसरें, जात पाहावी. ‘टीएन’ जातीच्या पडद्याकडे बाजूनें पाहतां रंग फिरतात. ‘आयपीएस’ जातीचा तसा फिरत नाहीं. पडद्याचा पृष्ठभाग चकचकीत नसावा. नाहीं तर खिडकीचा उजेड त्यांत दिसतो.

तिसरें, व्यर्थ खर्च टाळावा. सेकंदास १४४ वेळां चित्र बदलणारा पडदा खेळांसाठीं असतो; लिपिकास ६० वेळां पुरे. वांचलेल्या पैशांत उंची कमीजास्त होणारी बैठक घ्यावी, अथवा पडद्याखालीं लाकडी ठोकळा ठेवावा. वरची कड डोळ्यांच्या रेषेंत किंवा किंचित् खालीं, आणि अंतर हातभर असावें.

शेवटीं, आपल्या संगणकास ‘एचडीएमआय’ जोड आहे कीं जुना ‘व्हीजीए’, हें घरूनच पाहून जावें. दुकानांत पडदा सबंध पांढरा व सबंध काळा करून मेलेले बिंदू शोधावेत. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण पाहावी, आणि हमीपत्र व पावती जपून ठेवावी.

बुरूज बांधणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, असें प्रभूनें दृष्टांतांत शिकविलें आहे. त्या हिशेबांत पैशाबरोबर डोळेही धरावेत, एवढीच आमची विनंती. पडदा दुसरा मिळतो. डोळे देवानें एकदांच दिले आहेत.