वेग आणि नळीचे आयुष्य

प्रश्न : रानडुकरांपासून पीकरक्षणार्थ .315 रायफलीचा परवाना आहे. घरी काडतुसे भरून वेग वाढवावा काय?
— एक शेतकरी, गडचांदूर

उत्तर : नळी झिजते ती गोळीच्या घर्षणाने तितकी नव्हे, जितकी जळत्या दारूच्या तप्त वायूंनी, आणि तीही प्रथम आटे सुरू होतात तेथे, म्हणून अरुंद नळीमागे दारू जितकी अधिक तितके तिचे आयुष्य अल्प, आणि लागोपाठ बार काढून ती तापविल्यास ते आणखी क्षीण होते. आपली .315 मुळातच मध्यम वेगाची. डुकरास तो पुरेसा आहे. शिवाय बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे बनविण्याची मुभा नव्हे. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 अन्वये त्यास स्वतंत्र परवाना लागतो. कारखान्याचेच काडतूस वापरावे; आणि शेत आपले असले तरी डुकरावर बार काढण्यापूर्वी वनखात्याचा लेखी हुकूम घ्यावा.