जुन्या गाडीचा भरवसा

प्रश्न : वीस वर्षांची पोर्शे घेतली, परंतु कुक्षीहून इंदूरला नेण्याचे धाडस होत नाही. काय करावे?

उत्तर : इंदूरच्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांसाठी 1930 च्या दशकात बांधलेली ड्यूसेनबर्ग मोटार आजही शाबूत आहे, हे लक्षात घेता, इंजिनाविषयी साशंक होण्यापूर्वी, निमाडच्या उन्हाने व इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने ज्या प्रथम कमजोर होतात त्या रबरी नळ्यांची खातरजमा करावी. टायरच्या कडेवरील चार अंक वाचावेत : ‘2314’ म्हणजे 2014 चा तेविसावा आठवडा, नक्षी कितीही ठसठशीत असो, असा टायर बाद समजावा. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, सबब दर दोन वर्षांनी बदलावे. पूर्वीच्या मालकाची तोंडी ग्वाही पुरेशी नाही, दुरुस्तीच्या पावत्यांचे दप्तरच मागावे. मग प्रथम बागच्या लेण्यांपर्यंत, नंतर धारपर्यंत जाऊन यावे. तापमानाचा काटा स्थिर राहिल्यास इंदूरला खुशाल निघावे.