पायाच्या खड्ड्यातले पांढरे खडे

प्रश्न : लालबागला आमच्या चाळीच्या पुनर्बांधणीत पाया खणताना फुटलेल्या काळ्या दगडाच्या पोकळीत पारदर्शक खडे सापडले. हे स्फटिक का? अंगठीत बसवता येतील?

उत्तर : मुंबई बेटाचा काळा कातळ सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हारसाचा असून, वायूच्या बुडबुड्यांनी त्यात राहिलेल्या पोकळ्यांत पुढे उष्ण जलाने आणलेल्या द्रव्यांपासून झिओलाइट, कॅल्साइट, ॲपोफिलाइट आणि गारगोटी सिद्ध होतात, सबब केवळ पारदर्शकतेवरून निर्वाळा देणे उतावीळपणाचे होय. खड्याच्या टोकाने जुन्या बाटलीच्या काचेवर रेघ ओढावी. उठलेला ओरखडा पुसूनही गेला नाही, तर मोह्स मापावर ७ कठिणतेचा अस्सल स्फटिक, म्हणजेच गारगोटी, मानण्यास हरकत नाही, आणि त्याला पैलूही पडतील. न उठल्यास व्हिनेगरचा थेंब टाकून भिंगाखाली पाहावे. बुडबुडे दिसले तर बहुधा कॅल्साइट. चौकोनी छेदाचा, माथ्याशी निमुळता आणि आडव्या फुटीवर मोत्याची झाक असलेला खडा मात्र ॲपोफिलाइट समजावा. अंगठीचा रोजचा घासपुसा त्याला सोसत नाही. तो कातळासकट तसाच ठेवावा, कारण छिन्नीने सुटा केलेला खडा माझ्या मते निम्मा वाया जातो.

खड्याखाली चिठ्ठी ठेवून तीवर ठिकाण, खोली व तारीख नोंदवावी. (वरळीच्या खडकातील चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेनसाहेबांनी १८४७ साली वर्णिले, तेही कोणीतरी असे जपून ठेवल्यामुळेच.) ताडून पाहण्यासाठी सिन्नरचे ‘गारगोटी’ संग्रहालय उत्तम. कंत्राटदाराच्या परवानगीवाचून खड्ड्यात मात्र उतरू नये.