मोटारीतील दोषनिदान : बुद्धीच्या कामाची एक उपेक्षित वाट

दहावी-बारावीचे निकाल लागले की समुपदेशकांकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न बहुधा एकच असतो : एवढ्या गुणांत संगणक अभियांत्रिकी किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता ही शाखा मिळेल का, आणि केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीत न मिळाल्यास व्यवस्थापन कोट्यातून, कर्ज काढून, ती घ्यावी का. ज्या विद्यार्थ्याला त्या विषयाची ओढ नाही त्याच्यासाठी असे कर्ज काढू नये, हे या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर आहे. ओढ असलेल्यांनी ती शाखा अवश्य घ्यावी. वैद्यक, वाणिज्य, विधी आणि स्पर्धा परीक्षा यांची माहितीही सर्वत्र मिळते. घरात ज्याचा विचारच होत नाही, परंतु ज्याला तर्कबुद्धी आणि हातांचे कसब दोन्ही लागतात, असे एक काम मात्र मांडणे आवश्यक आहे, आणि ते म्हणजे मोटारीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यंत्रणेचे दोषनिदान.

आजच्या मोटारीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग, दिवे आणि डॅशबोर्ड यांच्यासाठी स्वतंत्र छोटे संगणक असतात, ज्यांना कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. त्यांपैकी इंजिनाचे मॉड्यूल ईसीएम या नावाने ओळखले जाते. ही मॉड्यूल्स एकमेकांना पीळ दिलेल्या दोन तारांवरून संदेश पाठवतात, आणि बॉश या जर्मन कंपनीने १९८६ मध्ये जाहीरपणे मांडलेल्या या संदेशवहन पद्धतीला कॅन असे नाव आहे. एखादे मॉड्यूल गप्प झाले की त्याच्या संदेशाची वाट पाहणारी इतर मॉड्यूल्स ‘यू’ अक्षराने सुरू होणारा दोष-कोड नोंदवतात. यू०१०० या कोडचा अर्थ ‘ईसीएमशी संपर्क तुटला’ एवढाच असतो, ईसीएम निकामी झाला असा नव्हे. कारण उडालेला फ्यूज, गंजलेली अर्थिंगची जोडणी, पावसाचे पाणी शिरून हिरवी पडलेली कनेक्टरची पिन किंवा उंदराने कुरतडलेली तार, यांपैकी कशानेही तो संपर्क तुटू शकतो.

म्हणूनच जाणकार तंत्रज्ञ प्रथम बॅटरी तपासतो, कारण स्टार्टर फिरताना व्होल्टेज फार खाली गेले तरी असे कोड नोंदले जातात. त्यानंतर स्कॅनरला, म्हणजे मोटारीच्या निदान सॉकेटला जोडून कोड वाचणाऱ्या उपकरणाला, कोणती मॉड्यूल्स उत्तर देतात आणि कोणती देत नाहीत याची यादी करून तो ती वायरिंगच्या आकृतीशी ताडून पाहतो. एकच मॉड्यूल गप्प असेल तर त्याचा फ्यूज, वीजपुरवठा, अर्थिंग आणि त्याच्याकडे जाणाऱ्या तारा तपासाव्या लागतात. सगळीच गप्प असतील तर संशय मुख्य तारांवर जातो. या तारांच्या दोन टोकांना साधारणपणे प्रत्येकी १२० ओहमचा रोध जोडलेला असतो, आणि समांतर जोडणीतील दोन समान रोधांचा एकूण रोध निम्मा होतो या शालेय नियमानुसार, बॅटरी सोडवून निदान सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये मल्टिमीटरने मोजल्यास अनेक मोटारींत सुमारे ६० ओहम दिसतात. १२० दिसले तर एका टोकाचा रोध परिपथातून सुटला आहे, आणि शून्याच्या जवळपास दिसले तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना टेकल्या आहेत, असे अनुमान निघते. निदान सॉकेट आणि कॅन यांच्यामध्ये गेटवे मॉड्यूल असलेल्या मोटारीत हे मापन दुसरीकडे घ्यावे लागते, आणि ते ठिकाण कंपनीच्या इंग्रजी मॅन्युअलमधून शोधता येणे हाही या कौशल्याचा भाग आहे.

याउलट, कोड दिसताच ‘ईसीएम बदलून बघू’ म्हणणारा कारागीर ग्राहकाचा मोठा खर्च करवतो, नव्या ईसीएमची किल्लीच्या सुरक्षा यंत्रणेशी जुळणी करण्याचे काम वाढवतो, आणि तुटलेली तार तशीच राहते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ उत्सर्जन मानकांमुळे सेन्सर आणि मॉड्यूल यांवरील मदार आणखी वाढली असल्याने नेमके निदान करणाऱ्याची गरज लहान गावातील गॅरेजलाही आहे.

या कामाकडे जाण्यासाठी दहावीनंतर आयटीआयमधील दोन वर्षांचा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा अभ्यासक्रम किंवा तीन वर्षांची ऑटोमोबाइल पदविका घेता येते; आयटीआयनंतर पदविकेच्या आणि पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय असल्यामुळे पुढील शिक्षणाचा मार्ग बंद होत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार विद्यावेतनासह उमेदवारीही करता येते. प्रवेशापूर्वी मात्र संस्थेची कार्यशाळा पाहावी आणि तेथे स्कॅनर व ऑसिलोस्कोप, म्हणजे तारेतील व्होल्टेजचे चढउतार पडद्यावर दाखवणारे उपकरण, आहेत का आणि विद्यार्थी ती स्वतः हाताळतात का, हे विचारावे. सुरुवातीची कमाई बेताची असते आणि काम उभ्याने, उकाड्यात करावे लागते, हेही आधीच जाणून घ्यावे.

खरा अडथळा मात्र पालकांच्या मनात आहे. ‘इतके शिकवून गॅरेजमध्ये पाठवायचे का’ या प्रश्नात मुलाच्या हिताची काळजी कमी आणि नातेवाइकांपुढील प्रतिष्ठेची चिंता अधिक असते; आणि त्या प्रतिष्ठेची किंमत नावडत्या शाखेत वर्षामागून वर्ष अनुत्तीर्ण होऊन मूल मोजते. मुलीने ही वाट निवडली तर विरोध दुप्पट होतो, वास्तविक मल्टिमीटर वाचण्याचा आणि तर्क करण्याचा लिंगाशी काहीही संबंध नाही. प्रवेश अर्जावरील पसंतीक्रम पालकांनी भरू नये. विद्यार्थ्याला एखाद्या चांगल्या कार्यशाळेत काही दिवस काम पाहू द्यावे आणि नंतरचा निर्णय त्याचा म्हणून मान्य करावा.