युरिक ॲसिड, डायलिसिस आणि उरलेले मूत्रपिंड

डायलिसिस सुरू झाले म्हणजे मूत्रपिंड संपले, असा समज वारणा परिसरातील अनेक कुटुंबांत आम्हांस आढळतो. वस्तुतः बऱ्याच रुग्णांना त्यानंतरही काही काळ लघवी होत असते. ही उरलेली शक्ती मोलाची आहे; तिच्यामुळे दोन डायलिसिसमधील काळात अंगात पाणी कमी साठते व हृदयावरील ताण हलका होतो.

युरिक ॲसिडचा सुमारे दोन तृतीयांश भाग मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. मूत्रपिंड दुबळे झाले की त्याचे रक्तातील प्रमाण वाढते. ते औषधाने घटविल्यास मूत्रपिंड वाचेल काय? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत, डायलिसिसपूर्व अवस्थेतील रुग्णांना ॲलोप्युरिनॉल देऊनही मूत्रपिंडाची घसरण मंदावली नाही. शिवाय डायलिसिसनेच युरिक ॲसिड बऱ्याच अंशी निघून जाते. म्हणून केवळ तपासणीतील आकडा पाहून गोळी सुरू करू नये. गाऊटचा त्रास असल्यास औषध लागू शकते. त्याची मात्रा मात्र डॉक्टरांनीच ठरवावी.

मग रक्षण कशात आहे? सांधे दुखले म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणू नयेत; त्या उरलेल्या मूत्रपिंडास घातक ठरू शकतात. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या पंगतीतही मीठ व पाण्याची मर्यादा पाळावी. चोवीस तासांची लघवी मोजून आम्हांस सांगावी. देणगीदारांच्या औदार्यावर यंत्रे चालतात. त्यांना घरच्या या दक्षतेची जोड मिळावी, हीच विनंती.